कागदाखालचा केस

माजलगावच्या त्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा गॅरेजवाले चाचा ट्रॅक्टरचं काळं तेल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चोळत उन्हात उभे होते. ट्रॅक्टरवाला शेजारी हात जोडावेत तसा उभा. चाचा म्हणाले, "तेलात तांब्याची कणी हाय. बेअरिंग गेलं." इंजिन उघडलं आणि बेअरिंगच गेलेलं निघालं. मी थक्क झाले. चाळीस वर्षं त्या बोटांवर सिरसाळ्यापासून दिंद्रुडपर्यंतचे लोक विश्वास ठेवत आले होते.

माझं काम वेगळं होतं. गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या कातडीवर तेल, थिनर, पेट्रोल कुठं आणि किती बसतं ते मी तपासते. लोकांना उपदेश करायची मला जरा जास्तच हौस आहे. पहिल्याच दिवशी मी चाचांपुढे रबरी हातमोजे ठेवले.

"बाई," ते म्हणाले, "डोळ्याला पट्टी बांधून सुईत दोरा ओवा बरं."

मला राग आला. मोजे मी पिशवीत परत कोंबले.

पुढच्या खेपेला मी एक पावडर नेली. साध्या उजेडात ती दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली मात्र झगमगते. चाचांना विचारूनच ती कामाच्या तेलात मिसळली. त्यांनी सकाळभर त्या तेलात काम केलं आणि मी हातमोजे चढवून ऐटीत नोंदी घेत बसले. दुपारच्या अजानीच्या सुमाराला त्यांनी नेहमीप्रमाणे डबा ओढला, पेट्रोलमध्ये कोपरापर्यंत हात खळखळून धुतले, चिंधीला पुसले. नमाजाला जायचं तर हात आधी पेट्रोलनं स्वच्छ करायचे आणि मग नळावर हातपाय-तोंड धुऊन वजू करायचा, हा त्यांच्या उस्तादापासूनचा रिवाज. हात खरोखरच गोरेपान दिसत होते.

"वजूआधी एकदा बघू द्या," मी म्हणाले. शटर खाली ओढलं आणि दिवा लावला.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथं आरसाच लागला. त्यांचे दोन्ही हात अंधारात पिवळेहिरवे पेटले होते. तळव्यावरची रेघ न् रेघ, नखांच्या कडा, बोटांवरची प्रत्येक भेग. पेट्रोलनं तेल निघालं होतं, पण सगळं नाही. उरलेलं पातळ होऊन कोपरापर्यंत पसरलं होतं आणि भेगांत जाऊन बसलं होतं. कानाच्या पाळीवर एक ठिपका होता, पांढऱ्या दाढीत चार-पाच. इतकी वर्षं हेच काम करूनही माझ्या अंगावर काटा आला. माणसाची सबंध सकाळ त्याच्या कातडीवर लिहिलेली होती आणि ती इतकी सुंदर दिसत होती, याची मला भीती वाटली.

चाचांनी दिवा माझ्याकडे वळवला आणि मोठ्यानं हसले. माझ्या कपाळावर तीन बोटं उमटलेली होती. मोजे घातलेल्याच हातानं मी केस मागं सारले असणार.

"तुमी तं मोजे घालून आलत्या ना?" ते म्हणाले. मी खजील झाले. दिव्याखाली अंधार.

मग ते पुन्हा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "हे धुतलेले हात हायत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मी शटर उघडलं आणि ते नळाकडे गेले.

नमाजाहून परत आल्यावर त्यांनी दाढीतला एक केस उपटला, मला तो पत्र्याच्या टेबलावर ठेवायला सांगितला आणि वर वर्तमानपत्राचं एक पान अंथरायला लावलं. तोवर स्वतः तोंड भिंतीकडे केलं होतं. "उस्तादनं अशी परीक्षा घेतलती माझी," म्हणाले. वळून त्यांनी कागदावरून तर्जनी फिरवली आणि एका जागी थांबले. मी कागद उचलला. केस त्यांच्या बोटापासून वीतभर दूर होता.

"पयले दोन कागदांखालून कळायचं," ते म्हणाले. "आता बोटं मेल्यावानी झालीत. त्या दिवशी तेल उन्हात कावून धरलं? तांब्याची चमक डोळ्याला दिसली, बोटाला न्हाई. लोकांना वाटतं बोटालाच कळलं." आणि मग अगदी हळू: "बाई, बोट परत येतं का?"

मला ठाऊक नव्हतं, आणि तसंच मी सांगितलं. पेट्रोल कातडीतलं तेल ओढून भेगा पाडतं आणि नसांनाही सोडत नाही, एवढं मला माहीत होतं. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी पेट्रोलनं हात धुणं बंद, मग पाहू.

पण काळे हात घेऊन नमाजाला कसं जायचं? तोड त्यांनीच काढली. घरातलं करडईचं तेल हातांना चोळायचं, वर बेसन, मग साबण. मी दिव्याखाली तपासलं तेव्हा नुसती नखांची कड उजळली. एवढी वर्षं पुस्तकं वाचून मी हातमोज्यांपलीकडे गेले नव्हते. गाडीचे सुटे भाग धुण्यासारख्या मळक्या कामाला त्यांनी मोजेही मान्य केले, पण पारख करताना मात्र बोट उघडंच.

उसाचा हंगाम संपल्यावर मी पुन्हा गेले. भेगा भरल्या होत्या. चाचांनी चहा सांगितला, दाढीतला केस उपटून माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे वळले. मी केस ठेवला, वर पान अंथरलं. ते वळले, उजव्या हाताची तर्जनी कागदावरून गेली, मागं आली, थांबली.

"हितं."

मी कागद उचलला. केस बोटाच्या बरोबर खाली होता. मग डाव्या हातानं करून पाहिलं, ते मात्र जमलं नाही. मला रडू आवरेना. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उजवं बोट पुसलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"आता दोन कागद टाका," म्हणाले.