पट्टीमागचे दोन चौकोन

आर्णीतल्या माझ्या घरी, बैठकीच्या कोपऱ्यात गेमचं एक कपाट उभं आहे. पूर्वी जत्रेत असायचं तसलं, उभ्यानं खेळायचं. पण हे घरी बनवलेलं. आतला छोटा कॉम्प्युटर न् वायरी माझ्या, लाकूडकाम माझ्या सुतार दोस्ताचं. मी शाळेत मास्तर, म्हणून तो मला सर म्हणतो. मी त्याला भाई म्हणतो.

कपाट बनत होतं तेव्हाच तो म्हणाला होता, समोर बटणांच्या खाली यूएसबीची दोन सॉकेटं काढून ठेवू. पेन ड्राइव्ह लावा, कीबोर्ड लावा, मागचं झाकण उघडायची भानगड नको. मी फाडकन नाही म्हटलं. एवढा काळाभोर, चकचकीत सनमायका निवडून आणला, अन् त्याला भोकं पाडायची? शोभा जाते ना! त्यानं दोनदा समजावलं, मग तुमची मशीन, तुमची मर्जी म्हणून गप्प बसला.

आत जुना ट्यूबचा टीव्ही, त्यामुळे ते धूड एकट्याला हलत नाही. नवा गेम टाकायचा तर भिंतीपासून ओढा अन् मागचं झाकण काढा. दर वेळी मी त्याला फोन करायचो. तो बिचारा हातातला रंधा ठेवून यायचा अन् खांदा लावायचा. दोन वर्षं हेच चाललं. मला एकदाही लाज वाटली नाही. आज लिहिताना कानशिलं गरम होतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला एका आठवड्यात दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी ओढता ओढता तो मधेच थांबला, कमरेला हात लावून खाली बसला तो उठेचना. मणक्यातली गादी सरकली, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. अन् हे सुताराला! त्याच्या दुकानाचं शटर तेव्हापासून बंद आहे. मी बाजारात जाताना ती गल्ली टाळायला लागलो. एवढा मी भित्रा माणूस.

मग कुठं मला अक्कल आली. सॉकेटं आणली, शेजाऱ्याला हाताशी घेऊन कपाट ओढलं. बटणांच्या खाली, आतून एक पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली होती. मला ती नेहमी आधाराची वाटायची. भोक पाडायला आडवी येते म्हणून काढली, तर मागं प्लायमध्ये दोन चौकोन कापलेले. बरोबर सॉकेटच्या मापाचे, कडासुद्धा घासून साफ केलेल्या. पुढचा सनमायका तेवढा शाबूत. कटरनं कापला की काम झालं. माझं मन बदललं तर असावं, म्हणून त्यानं तेव्हाच करून ठेवलं होतं.

मी तिथंच फतकल मारून बसलो. रडलो, खोटं कायले बोलू.

सॉकेटं बसवली अन् संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो दिवाणावर उताणा पडला होता. माफी मागायला गेलेला मी, तोंडातून निघालं भलतंच.

"भाई, पट्टीमागं कापून ठेवलं होतं, मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही रागावले असते, सर. मंग मले घरी बोलावलं असतं का?"

मग त्यानंच विचारलं, सॉकेटं लावली का. मी हो म्हटलं.

"मंग आता मले कायले बोलावसान?" तो म्हणाला अन् हसायला लागला, पण कमरेत कळ आली अन् हसणं अर्ध्यावरच राहिलं.