लंगडीची घंटा

माझ्यासारख्या नवख्याने कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं, हे जरा धाडसच, माफ करा. फोनमधलं गाणं स्पीकरवर स्वच्छ ऐकवणाऱ्या, डॅक नावाच्या दोन डब्या मी चौसाळ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात तपासत होतो. एक ठेवायची, दुसरी परत करायची होती. फोन चार्जिंगला लावायला आलेला एक मेंढपाळ डोळे मिटून ऐकू लागला.

"आता माजा फोन लाव," तो म्हणाला. त्यात त्याच्या कळपाच्या घंटांचा रेकॉर्ड केलेला आवाज होता; तो मी दोन्ही डब्यांवर लावला. दुसऱ्या डबीवर ऐकताना त्याने बोट वर केलं. "लंगडी मेंढी मागं ऱ्हायली, ते हिच्यात कळतंय. हीच घे."

मी मात्र रिव्ह्यू वाचून पहिली ठेवली. महिन्याने त्याला ते कळलं. दुकानदाराला म्हणे तो म्हणाला, "पोराला कान हायेत की, पर ऐकतंय डोळ्यानं!"