आरूच्या उशाशी ठेवायचा टी-शर्ट

हे मी भावाला सांगितलेलं नाही, भावजयीला नाही, आणि ज्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काम केलं त्या मॅडमना तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं, आणि तेवढं बळ आता माझ्यात उरलेलं नाही.

धुळ्यात एका शिशुगृहात मी सांभाळणारी मावशी होते. टाकून दिलेली, सोडून दिलेली लेकरं तिथे असतात. त्यांना न्हाऊ घालायचं, भरवायचं, निजवायचं आणि एक दिवस कुणाच्या तरी हाती देऊन दारापर्यंत सोडायला जायचं. शिशुगृहाचं नाव सांगत नाही. त्यांचा यात काही दोष नाही. जो आहे तो माझा आहे.

आरू सात महिन्यांची होती तेव्हा आली. जन्मापासून दिसत नव्हतं तिला. जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी तिला मांडीवर घेऊन एसटीने दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली. बाकी पोर मोठी तल्लख. माणूस पावलांवरून ओळखायची, आणि पाऊल वाजलं नाही तर वासावरून. मी दारात गुपचूप उभी राहिले तरी नाक वर करायची आणि हाक मारायची — 'माव!' मावशी हा शब्द तिला पुरा म्हणता यायचा नाही. बाकीच्या पोरांचे शब्द मी सुधारत असे. तिचा हा एक नाही सुधारला.

दत्तकाचं काम आता सगळं ऑनलाइन चालतं. आधी मूल इथल्या लोकांना दाखवतात. इथे कुणी घेतलं नाही तर मग परदेशातल्यांना. जळगावहून एक जोडपं आलं होतं. चांगली शिकलेली माणसं. चहा घेतला, आरूच्या गालाला हात लावला, 'कळवतो' म्हणाले. नाही कळवलं. मला त्यांचा राग यायला नको होता का? मी त्या दिवशी आरूला कळण्याची भाकरी दुधात कुस्करून दोन घास जास्तच भरवले. माझं काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल.

मग इटलीचं एक जोडपं ठरलं. बाईचं नाव लाउरा. मी मात्र तिला मनात 'ती बाई' असंच म्हणायचे — नाव घेतलं की माणूस खरं होतं ना. पोर साडेतीन वर्षांची झाली होती. कागदपत्रं, कलेक्टर ऑफिस, पासपोर्ट, असे अजून तीन महिने लागणार होते. तेवढ्यात तिकडून एक पार्सल आलं. आत एक फिका निळा सुती टी-शर्ट, घट्ट बंद केलेल्या पिशवीत. आणि एक तळहाताएवढा डबा, ज्याचं बटण दाबलं की त्या बाईचा आवाज यायचा. 'आरू, मी आई. मी येते.' कुणाकडून तरी शिकून घेतलं होतं बिचारीने.

मॅडमनी मला बसवून समजावलं. बाईने तो टी-शर्ट आठवडाभर अंगात घातलाय आणि मुद्दाम धुतलेला नाही. आरूला दिसत नाही, फोटोचा उपयोग नाही. म्हणून तिला आईचा वास आधीच ओळखीचा व्हावा. दुपारी निजवताना उशाशी ठेवायचा, डबा रोज ऐकवायचा. 'मावशी, हे तुमच्यावर सोपवते,' म्हणाल्या. माझ्यावर!

मी तो टी-शर्ट त्याच दिवशी धुतला.

आता इथे मला एक सोयीची गोष्ट सांगता येईल, आणि तुम्हाला ती पटेलही. आमच्याकडे कुणाचा पारोसा, अंगात घातलेला, घामाचा कपडा लेकराला लावत नाहीत. बाळाला पहिलं झबलंसुद्धा जुन्या पातळाचं शिवतात, पण ते स्वच्छ धुऊन, उन्हात तापवून. अकरा वर्षं मी हेच करत आले. सवयीने हात साबणाकडे गेला — असं म्हटलं तर कोण नाही म्हणेल? खुद्द मॅडमनीही कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं, आणि फार तर दुसरा टी-शर्ट मागवला असता.

पण तसं नव्हतं. मी आधी तो पिशवीतून काढून हुंगला. काहीतरी वेगळा, कोवळा साबणाचा आणि माणसाचा वास होता. वाईट नव्हता. मग मी तो दोनदा धुतला. दुसऱ्यांदा डेटॉल घालून. वाळत टाकत असताना स्वयंपाकाच्या अक्का शेजारून गेल्या. त्यांनी विचारलं, "हाई कोनं शे व?" मी म्हटलं, "मन्हं शे." त्या हसल्या. असला गोऱ्या लोकांचा कपडा मी कधी घालणार, असं वाटलं असेल त्यांना.

आणि तरीही तुम्ही म्हणाल की चुकून झालं असेल — तर डब्याचे सेल? ते कसे चुकून निघतील? ते मी काढले आणि माझ्या कपाटात साडीच्या घडीत ठेवले. मॅडम विचारायच्या, 'ऐकवता ना?' मी 'हो' म्हणायचे. दुपारी आरूच्या उशाशी मी माझी नेसून झालेली साडी घडी करून ठेवायचे, आणि ती तिच्यात तोंड खुपसून झोपी जायची. तीन महिने, एक दुपार न चुकवता.

का केलं? मला ती हवी होती का? तर मग मी कधी मागितली का कुणाला? नाही. एकटी बाई, पन्नाशी उलटलेली, भाड्याची एक खोली — कुणी दिली नसती, हे खरं. पण मी तोंड उघडून विचारलंही नाही. ठेवून घ्यायची हिंमत नव्हती आणि देऊन टाकायची दानत नव्हती. एवढंच आहे ते.

ती दोघं चैत्रात आली. धुळ्याचं ऊन, बाईचा चेहरा लालबुंद झालेला. तिने मुद्दाम तसलाच निळा टी-शर्ट घातला होता. ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि पाठ केलेलं म्हणाली, 'आरू, मी आई.' आरूने नाक वर केलं. वास घेतला. मग मागे सरकली, माझा पदर चाचपून धरला आणि विचारलं, "माव, कोन शे?"

"तुन्ही माय शे. जाय," मी म्हटलं. पदर मात्र सोडवला नाही.

मग जी रडारड झाली ती काय सांगू? बाईने मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमनी ते मला विचारलं — टी-शर्ट रोज देत होतात ना? आणि मी, सगळ्यांसमोर, त्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हणाले, 'हो. रोज छातीशी धरून झोपायची.' ते तिला सांगितलं गेलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात धरले. तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. चार दिवसांनी ते तिला घेऊन गेले. मी फाटकापर्यंत गेले, रीतीप्रमाणे.

मूल परदेशात गेलं की दोन वर्षं तिकडून अहवाल येतात. पहिला आला तो मॅडमनी मला मराठीत सांगितला. आरू खाते, चालते, बाबांच्या खांद्यावर बसून फिरते. आईकडे मात्र जात नाही. जवळ घेतलं की अंग ताठ करते. बाईने साबण बदलला, अत्तर बंद केलं, पोरीला वास येतो की नाही म्हणून डॉक्टरकडेही नेऊन आली. वास नीट येतो, डॉक्टर म्हणाले. मग तिने स्वतःच अर्थ लावला — 'तीन महिने माझा वास उशाशी होता, तिला मी चांगली ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच तिला मी नको आहे.' असं लिहिलं होतं तिने. मॅडम म्हणाल्या, 'मावशी, तुम्हाला काय वाटतं?' मी म्हणाले, 'काही लेकरांचा स्वभावच तसा असतो.' म्हणजे आळ पोरीवर घातला. चार वर्षांच्या आंधळ्या पोरीवर.

त्यानंतर त्या बाईने माझ्याशी बोलायचं आहे असं कळवलं. व्हिडिओ कॉल लावला दुपारी, मॅडमच्या खोलीत. मॅडम मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होत्या. बाई वही घेऊन बसली होती. तुम्ही हिला कसं जवळ केलंत, मला शिकवा, म्हणाली. शिकवा! मी तासभर शिकवलं. पाठीवर थोपटताना हात कसा ठेवायचा, कान कुठे खाजवलेला आवडतो, भरवताना घास आधी ओठाला कसा टेकवायचा, सगळं. ती एकेक लिहून घेत होती. मी काहीही हातचं राखलं नाही, ती एक गोष्ट सोडून. आणि तिला फक्त तीच हवी होती.

शेवटी आरूला बोलावलं. बाईने तिला मांडीवर घेतलं. त्या दिवशी ती बसली होती, अंग ताठ न करता. बाईचा चेहरा असा उजळला की माझ्याने बघवेना. मॅडम म्हणाल्या, आज पहिल्यांदाच बसलीय म्हणे. मला गप्प राहता आलं असतं. मी हाक मारली, 'आरू!'

पोर आईच्या मांडीवरून उतरली, हात पुढे करून चाचपत आली आणि फोनच्या काचेला गाल लावून उभी राहिली.

मला बरं वाटलं. ती बाई मागे रिकामी मांडी घेऊन बसलेली मला दिसत होती, आणि मला बरं वाटलं. अजूनही आठवलं की वाटतं.