शंकरची निळी नखं

माझ्या मोठ्या आत्याने आपल्या पाच वर्षांच्या भावाला, शंकरला, खोटारडा ठरवून मारलं होतं.

आज सकाळी आत्या गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती.

आमचे आजोबा सोलापुरात, भवानी पेठेत, सुताला रंग द्यायचे. १९३३-३४ चा सुमार. अंगणात निळीचे रांजण आणि घरातल्या मोठ्या माणसांचे हात कोपरापर्यंत निळे.

अशा घरात शंकरची नखं निळी दिसली तर कुणाला काय वाटणार?
पोरगं रांजणात हात घालतंय, दुसरं काय!

ओठ निळे दिसले की आजी म्हणायची, "बोटं चोखतंय मेलं."

आत्या तेव्हा आठ वर्षांची. रोज संध्याकाळी चिंच आणि राख लावून त्याचे हात घासायचं काम तिचं.
रंग निघायचा नाही. निघणार कुठून?

चार पावलं चालला की तो उकिडवा बसायचा. अंगण ओलांडताना त्याचा दम रांजणांपर्यंतच पुरायचा, म्हणून नेमका तिथे.
म्हणजे चोर सापडलाच!

"अक्का, म्या हात न्हाय लावला गं."
"मग ह्ये काय हाय? लबाड!"
आणि एक चापट.

सहावं लागायच्या आत शंकर गेला. दम लागला आणि आजीच्या मांडीवरच संपला.

रंग पोटात गेला, असं सगळ्यांनी धरलं. आजोबांनी रांजणांभोवती कुंपण घातलं. पुढे जन्मलेल्या एकाही पोराला, माझ्या बाबांनासुद्धा, तिकडे फिरकू दिलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या भावाला मुलगी झाली. तिचीही नखं निळसर. डॉक्टर म्हणाले, जन्मतःच हार्टमध्ये दोष आहे, रक्ताला ऑक्सिजन कमी पडतो. ऑपरेशन करू. अशी मुलं चालायला लागली की दमल्यावर आपोआप उकिडवी बसतात, त्याने त्यांना बरं वाटतं.

मी घरी येऊन हे सांगितलं. आत्या बाळाची बोटं हातात घेऊन बसून राहिली.

"म्हंजे त्यो खरं बोलत हुता की."

मी म्हटलं, "आत्या, तू आठ वर्षांची होतीस गं. आणि तेव्हा हे ऑपरेशन जगात कुठंच होत नव्हतं."

"वाचवायचं कुटं म्हनते मी? नुसतं खरं तरी मानायचं हुतं."

मला रडू आवरेना.

भाची आता ठणठणीत आहे. पळते, भांडते, थापा तर अशा मारते की विचारू नका. आत्या तिची प्रत्येक थाप खरी मानायची. आम्ही वैतागलो की म्हणायची, "मानलं तर काय जातंय तुमचं?"

मागच्या महिन्यात मला जवळ बोलावून म्हणाली, "तुज्या मोबाइलवर लई मान्सं वाचत्यात म्हनं. मी गेल्यावर लिव. समद्यास्नी सांग."

सांगते, आत्या.

शंकरने रंगाला कधीच हात लावला नव्हता.

तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला, दोघांनाही मनापासून नमस्कार.