आमच्या घरी राहिलेली परटीण

मुलगी मँचेस्टरला शिकायला गेली त्या वर्षी नोव्हेंबरात आम्ही तिची खोली एका नटाला दिली. वॉटफर्डला आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक जुनं थिएटर आहे. नाताळच्या सुमारास तिथे पँटो लागतो. पँटो म्हणजे पोराबाळांसकट बघायचं, गाण्यांचं आणि आचरट विनोदांचं नाटक. त्यात प्रेक्षकांनी मधेच ओरडायचं असतं आणि नायकाची आई पुरुषानंच करायची असते. या आईला डेम म्हणतात. बाहेरगावचे नट तेवढे सहा-सात आठवडे गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतात. मी ज्या लायब्ररीत काम करते तिथल्या बोर्डावर थिएटरनं खोल्यांसाठी चिठ्ठी लावली होती. ती मीच काढून पर्समध्ये टाकली. घर फार शांत झालं होतं.

"नट म्हणजे नक्की कोण?" नवऱ्यानं विचारलं.

"डेम करणारा आहे. अमेरिकन. मूळचा चिनी."

"म्हणजे बाई होणारा?"

"हो."

नवऱ्यानं पेपरची घडी घातली आणि म्हणाला, "बाथरूमची कडी नीट करून घ्यायला पाहिजे."

तो आला तेव्हा पाऊस पडत होता आणि त्याच्याबरोबर तीन मोठ्या बॅगा होत्या. त्रेचाळीस वर्षांचा, उंच, सडपातळ, डोक्याचा गोटा केलेला. डावा पाय किंचित ओढत चालायचा. मी जेवायला वाढलं तर त्यानं आधी विचारलं, "तुम्हाला काय म्हणू?" मी म्हटलं, काकू म्हण. त्याच्या तोंडी त्याचं 'खाकू' झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. आम्ही इंग्रजीतच बोलायचो, पण मला ते सगळं आता मराठीतच आठवतं, आणि त्याच्या 'खाकू'चंही काकूच होतं.

मीही त्याला पहिल्याच दिवशी विचारून टाकलं, "तुला तो म्हणायचं की ती?"

"विग चढवला की ती, उतरवला की तो. सोपं आहे."

खरंच सोपं होतं. नवऱ्यालासुद्धा जमलं.

रिहर्सल दुपारी असायची. सकाळी मी मेथी निवडायला बसले की तो कॉफी घेऊन समोर बसायचा आणि न सांगता निवडायला लागायचा. त्या आठवड्यात मला त्याचं आयुष्य कळलं, तुकड्या-तुकड्यांनी, पानं आणि देठं वेगळी करता करता.

त्याचे आजोबा दक्षिण चीनमधून कॅलिफोर्नियातल्या एका लहान गावात गेले आणि त्यांनी लाँड्री काढली. चिनी माणसाला तिकडे दुसरं काही करू देत नव्हते, म्हणाला. आजोबा लवकर गेले. आजीनं एकटीनं चाळीस वर्षं लोकांचे शर्ट धुतले आणि इस्त्री केले. दुकानाच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड. त्याचे वडील इस्त्रीच्या टेबलाखाली झोपून मोठे झाले, शिकून फार्मासिस्ट झाले आणि गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला त्यांनी घर घेतलं. त्यानंतर त्यांनी आयुष्यात इस्त्री हातात धरली नाही. इस्त्री न लागणारेच शर्ट घेतात, तो म्हणाला.

पण आई-वडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की हा आजीच्या दुकानात. तिथे कुणी न्यायलाच न आलेल्या कपड्यांचा एक दांडा होता. एकदा त्यानं त्यातला हिरवा झगा काढला आणि घातला. वय आठ. आजी मागून आली. तो म्हणाला, "मला वाटलं, आता मार बसणार. आजीनं झगा खांद्यावर नीट केला आणि म्हणाली, घाम लावू नकोस, बाई परत येईल."

"आली का?"

"कधीच नाही. दर शुक्रवारी तो झगा माझाच असायचा."

पुढे वडिलांच्या इच्छेनं तो अकाउंटंट झाला, तीन वर्षं इन्शुरन्सच्या ऑफिसात बसला, आणि रविवारी दुपारी बारमध्ये बाईच्या वेषात गाऊ लागला. याला ड्रॅग म्हणतात हे मला माहीत होतं. त्यासाठी स्वतःचा चेहरा रोज दोन तास पुसून पुन्हा काढावा लागतो हे माहीत नव्हतं. तिशीत त्याला लंडनचं एक महिन्याचं काम मिळालं. तो आला तो राहिलाच. क्रॉयडनला बिंगो, म्हणजे आपली हाऊजी, चालवायचा, लग्नाआधीच्या बायकांच्या पार्ट्या करायचा, हॉटेलांत दुपारच्या जेवणाबरोबर शो करायचा. पण काम देणाऱ्याची मागणी ठरलेली: ड्रॅगन काढलेला लाल गाऊन, हातात पंखा, लांब नखं. "दहा वर्षं मी तीच बाई होतो. अशी बाई आमच्या खानदानात कुणी पाहिलेली नाही." मग मँचेस्टरला एका कार्यक्रमात उडी मारून जमिनीवर पाय फाकवताना डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, सात महिने घरी बसावं लागलं. नाचणं संपलं. म्हणून डेम. डेमला नाचावं लागत नाही, लुडबुडावं लागतं.

आणि पहिलंच नाटक मिळालं ते जादूच्या दिव्याचं. इकडे ते नाटक चीनमध्ये घडतं, म्हणजे कुणीतरी मनानं रचलेल्या चीनमध्ये, आणि त्यातली नायकाची आई लाँड्री चालवते. परटीण.

"घेतलंस कसं मग?" मी विचारलं.

"वाटलं, निदान या वेळी काम तरी खरं आहे."

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो सहालाच घरी आला आणि न जेवता वर जायला लागला. मी पिठलं केलं होतं, त्याला आवडायचं. मी जिन्यात अडवलं तर तो तिथेच पायरीवर बसला. दिग्दर्शकानं त्याला सांगितलं होतं की डेमनं थोडं 'तसं', चिनी माणसाच्या नकलेसारखं, बोलायचं. र चा ल, मोडकं इंग्रजी. दरवर्षी असतं, लोक वाट बघतात.

"नाही म्हणायचं," मी म्हटलं.

"मी केलं, काकू. फार छान केलं. सगळे पोट धरून हसले. मग माझ्या लक्षात आलं, मी आजीच्या आवाजात बोलत होतो. दुसरा तसा आवाज मला येतच नाही."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि भलतंच सांगून बसले. माझी मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या वाढदिवसाला तिच्या मैत्रिणींसमोर तिनं माझी नक्कल केली होती. मी फोनवर कौन्सिलशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेशी, माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीत बोलते तशी. मुली लोळून हसल्या. मीही हसले.

"मग काय केलंत?"

"काय करणार? केक कापला."

तो पहिल्यांदा हसला. मग जेवायला आला. जेवताना माझ्या नवऱ्यानं, जो सहसा वरण मागण्यापलीकडे बोलत नाही, एकदम विचारलं, "हिनं तुला आमच्या मावशीचं सांगितलं का?" नवरा साताऱ्याकडचा. लहानपणी जत्रेत तमाशा बघितलेला. त्यानं सांगितलं, तमाशात गौळणींबरोबर एक मावशी असते. पुरुषच असतो, पदर घेतलेला, मिशीसकटसुद्धा चालतो. कृष्ण वाट अडवतो तेव्हा त्याच्याशी भांडायला हीच पुढे.

"लोक तिला हसतात?"

"तिला हसायची कुणाची टाप? ती दुसऱ्यांना हसते. पाटलालासुद्धा सोडत नाही." आणि नवऱ्यानं डोक्यावरून किचन टॉवेल घेऊन, कमरेवर हात ठेवून दोन वाक्यं म्हणून दाखवली. चोवीस वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे तीन दिवस तो आमच्या टेबलावर लिहीत बसला. त्याची परटीण आता साधं, ठसक्यात बोलणारी झाली. तिला गावातल्या प्रत्येकाची गुपितं ठाऊक, कारण सगळ्यांचे कपडे तिच्याकडे येतात. राजाच्या शर्टावरचा गुलकंदासारखा डाग कशाचा हे तिला माहीत, म्हणून राजा तिला घाबरून. आजी खरंच तशी होती, तो म्हणाला, कॉलर बघून माणूस ओळखायची. दिग्दर्शकानं कागद ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी निम्मं मान्य केलं. तो आवाज गेला. पण कपडे पिळायच्या यंत्रातून शिपायांना चपटं करून काढायचा विनोद राहिला, कारण यंत्र बनून तयार होतं.

"निम्मं तर निम्मं," तो म्हणाला.

घोळ पुढे मी घातला.

त्याचे वडील रविवारी संध्याकाळी पाचला फोन करायचे, तिकडे सकाळचे नऊ. टॅबलेटवर त्यांचा चेहरा दिसायचा. जेवलास का, थंडी आहे का, गुडघा कसा आहे, एवढंच विचारायचे. कामाबद्दल एक शब्द नाही. वीस वर्षांत नाही. त्या रविवारी टॅबलेट किचनमध्ये वाजला, हा वर आंघोळीला. दोनदा आमची ओळख झाली होती म्हणून मी उचलला. थांबा, येतोच आहे, म्हटलं. गप्प बसवेना म्हणून बोलत राहिले. "तुम्ही यायला हवं होतं. लाँड्रीवालीचं काम फार सुंदर बसवलंय त्यानं. तुमच्या आईचंच आहे ना ते."

पलीकडे म्हाताऱ्यानं हात पुढे केला. मग स्क्रीन काळी झाली.

तो खाली आल्यावर मी सगळं सांगितलं. तो रागावला नाही, म्हणजे आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "त्यांनी त्या दुकानातून बाहेर पडायला आयुष्य घातलं, काकू. आणि मी बाई होऊन लोकांना हसवायला परत तिथेच गेलो. त्यांना असंच कळणार ना." पुढचे दोन दिवस तो बाहेरच जेवला. वडिलांनी त्याचा फोन घेतला नाही. मी रोज त्याचं ताट मांडायची आणि उचलायची. नवरा म्हणाला, "तुला गप्प बसता येत नाही." ते खरंच होतं.

नाटक सुरू झालं. पहिला शो शाळांसाठी, सकाळी साडेदहाला. मी रजा काढून गेले. पोरं यंत्राला हसली, परटिणीच्या बोलण्यावर आधी गप्पच राहिली. मग राजाचा डाग आला आणि माझ्या मागच्या रांगेतल्या एका शिक्षिकेला हसू आवरेना. तिचं ऐकून सगळं थिएटर फुटलं. त्याच आठवड्यात एका जुन्या प्रेक्षकाची तक्रारही आली, की इतकी वर्षं बघतोय, तो गमतीचा आवाज यंदा का गाळला. दिग्दर्शकानं ती त्याला दाखवली आणि उत्तर स्वतः लिहिलं. मला ते आवडलं.

पहिल्या शोनंतर बारा दिवसांनी, सोमवारी, थिएटरला सुट्टी असताना, दुपारी चारला टॅबलेट वाजला. तिकडे सकाळचे आठ. वडील. हा सोफ्यावरून उठून उभाच राहिला.

"दाखव," वडील म्हणाले.

"काय?"

"ते काम. ती काय करते ते."

मी निघून जाणार होते, त्यानं हातानं थांब म्हटलं. आमचं इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं, नवऱ्याचा शर्ट पसरला, टॅबलेट साखरेच्या डब्याला टेकवला. विग नाही, रंग नाही, अंगात माझ्या मुलीचा जुना स्वेटर. त्यानं तो अख्खा प्रवेश केला, राजाच्या डागापासून शेवटच्या टोमण्यापर्यंत. इतका हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. वडील एकदाही हसले नाहीत.

प्रवेश संपला. मग ते म्हणाले, "कॉलर आधी घेतोस. चूक आहे. आई आधी कफ घ्यायची, मग बाह्या, मग पाठ. कॉलर सगळ्यात शेवटी. गिऱ्हाईक पहिल्यांदा कॉलर बघतं, ती चुरगळायला नको."

"बरं."

"आणि ती कुणाला असं तोंडावर बोलली नाही कधी. मनात बोलायची. मला सांगायची, टेबलाखाली. तोंडावर बोलली असती तर बरं झालं असतं."

मग त्यांनी, मी ऐकते आहे हे माहीत असूनही, एक गोष्ट सांगितली. शाळेतला त्यांचा एक वर्गमित्र त्याच्या वडिलांबरोबर दुकानात आला, तेव्हा ते टेबलाखाली लपून बसले आणि आजीनं पायानंच त्यांच्यासमोर चादर ओढली, ते दिसू नयेत म्हणून. पुढे दोघं त्यावर कधीच बोलले नाहीत. हे सांगून त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

"नाही अजून."

"जेव," म्हणाले आणि फोन बंद केला.

तो इस्त्रीच्या टेबलाशी तसाच उभा राहिला. रडत होता. मी पाणी दिलं, आणि त्या वेळी मात्र मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवसापासून स्टेजवर परटीण कफ आधी घेऊ लागली. हजार प्रेक्षकांत कुणाच्या ते लक्षात आलं नसेल. मी आणखी तीनदा जाऊन बघून आले.

जानेवारीत तो गेला. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याला वेगवेगळ्या गावांत डेमचं काम मिळतं. उन्हाळ्यात तो नव्या मुला-मुलींना मेकअप आणि चालणं शिकवतो. गुडघा थंडीत दुखतो. वडील अजून इकडे आलेले नाहीत, आता त्यांना इतका प्रवास झेपणारही नाही, पण रविवारच्या फोनवर ते नाटकाबद्दल विचारतात: किती लोक होते, हसले का, कुठे हसले. यंदा तो स्कॉटलंडच्या सीमेजवळ एका गावात आहे आणि नाटकात राजाची स्वयंपाकीण झालाय. परवा त्याचा फोन आला होता. घरमालकीण चांगली आहे, म्हणाला, फक्त सगळ्या भाज्या उकडूनच देते. पिठलं कसं करायचं ते नीट सांगा, काकू, मी लिहून घेतो.