पस्तीस-सत्तरची लेन्स आणि गडग्याजवळचं कलम

नव्या लेन्सने पहिलाच फोटो घेताना मी सासरच्या ओटीवरून मागच्या मागे अंगणात पडलो. आता, या लेन्सची सगळी थोरवी हीच की माणसाला मागे सरकावं लागत नाही. जागेवर उभं राहायचं, कडं फिरवायचं, की झोपाळ्यावरची सगळी मंडळी चौकटीत मावतात. पण माझी पंधरा वर्षं पन्नास मिलिमीटरच्या लेन्सबरोबर गेलेली. कुणी फोटो म्हटलं की माझे पाय आपोआप मागे जातात. हातांनी कडं फिरवलं आणि पायांनी आपली सवय पाळली. कॅमेरा मी वरच्या वर धरला होता, त्यामुळे त्याला काही झालं नाही. सासूबाई मला उठवायला धावल्या. बायकोने आधी कॅमेरा घेतला.

लेन्स मेहुण्याने आणली होती. तो बोटीवर नोकरीला. सिंगापूरच्या दुकानात ती त्याच वर्षी आली होती, पस्तीस ते सत्तर, एकीत तीन लेन्स असल्यासारखी. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. रत्नागिरीत माझ्याआधी अशी लेन्स कुणाकडे नाही, असं मी धरून चाललो होतो. खात्री करायला मात्र कुणाकडे गेलो नाही.

मी बँकेत कारकून, म्हणजे कुठलीही गोष्ट लिहून काढल्याशिवाय ती घडली असं न मानणारा. एक दोनशे पानी वही घेतली आणि लेन्सबद्दलची मतं लिहायला लागलो. वजन जास्त. पन्नासची लेन्स लावली की गळ्यात कॅमेरा आहे हे विसरायला व्हायचं, ही विसरू देत नाही. माजघरात दुपारीसुद्धा अंधारी दिसते. पस्तीसवर काढलं तर दाराची चौकट पोटातून फुगते. हा फुगलेल्या दाराचा फोटो बायकोने पाहिला.

"आपलं दार असं कधी झालं?"

मी तिला दहा मिनिटं काचांची रचना समजावून सांगितली.

"म्हणजे परदेशातून लेन्स आणली म्हणून दार वाकडं दिसतंय, असंच ना?" ती म्हणाली, आणि भाजी बघायला आत गेली.

शेवटचं मत असं होतं: जवळ जाऊन पस्तीसवर काढलं, तर पुढची वस्तू आणि मागची वस्तू यांत पुष्कळ अंतर दिसतं, लांब जाऊन सत्तरवर काढलं, तर मागची वस्तू पुढे येऊन पुढचीला चिकटते. त्याखाली मी लाल शाईने रेघ मारली होती. म्हणजे पुढे जे झालं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

सासुरवाडी रत्नागिरीहून एस.टी.ने तासाभरावर. सासऱ्यांची आंब्याची बाग वाडवडिलांची, झाडं पणजोबांच्या हातची. त्यांनी स्वतः तरुणपणी पंधरा-वीस कलमं बांधून पाहिली, त्यातलं एकच जगलं. ते बागेच्या अगदी कडेला होतं. सगळ्या बागेत सासरे ज्याला 'माझं' म्हणायचे ते तेवढंच. बाकीच्या झाडांना ते 'आपली' म्हणत.

कलमाच्या पलीकडे गडगा, म्हणजे नुसते जांभ्याचे दगड एकावर एक रचून केलेली हद्दीची भिंत, आणि गडग्यापलीकडे सासऱ्यांच्या चुलतभावाची बाग. या चुलतभावाला आम्ही काका म्हणायचो. त्या वर्षीच्या पावसात गडगा ढासळला. दिवाळीनंतर काकांनी गडी लावून तो नव्याने रचला, आणि रचून झाल्यावर सासऱ्यांना दिसलं की तो कलमाच्या बराच जवळ आलाय. ते बोलायला गेले. काका म्हणाले, गडगा होता तिथेच आहे, उलट कलमच हद्दीवर आहे, आणि हद्दीवरचं झाड दोघांचं. यंदापासून आंबा निम्मा निम्मा.

सासरे सत्तरीचे. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गावातल्या तिघांना पंच म्हणून सांगितलं आणि मला बोलावून घेतलं.

"जावईबापू, तुमच्या त्या नव्या लेन्सने एक फोटो काढा. कलम हद्दीवर नाही, माझ्या जमिनीत आहे, एवढं दिसलं पाहिजे."

मी कलमापासून सहा-सात फुटांवर उभा राहिलो आणि कडं पस्तीसवर नेलं. बुंधा पुढे हत्तीच्या पायासारखा आला आणि गडगा मागे बारीक रेघ होऊन गेला. मधे मुलांनी क्रिकेट खेळावं एवढी जागा. नंतर छापून आलेला तो फोटो सासऱ्यांनी हातात घेतला तेव्हा चष्मा पुसून दोनदा पाहिला. "चांगलं दिसतंय," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्याच दिवशी परत निघताना काकांनी गडग्यावरून हाक मारली. जावई एका घरचा असला तरी गावात सगळ्यांचाच असतो. भांडण आहे म्हणून त्यांच्या ओटीवर न जाणं मला काही जमलं नाही. गरम घावने आले, गूळ आला. मग काका म्हणाले, "एवढा कॅमेरा आणलायत, तर आमच्या गडग्याचाही एक काढा. नवा रचलाय. मुंबईला मुलाला पाठवतो, त्यालाही बरं वाटेल."

इथे शहाण्या माणसाने पोट दुखतंय म्हणायचं. मला मात्र लेन्सची सत्तरची बाजू अजून बाहेरच्या उजेडात नीट पाहायची होती. मी काकांच्या विहिरीपर्यंत मागे गेलो, कठड्याला टेकलो, कडं सत्तरवर नेलं. गडगा सरळ रेषेत आडवा आला, आणि कलम असं दिसलं की जणू गडग्यातूनच उगवलंय. चित्र म्हणून हा फोटो पहिल्याहून चांगला होता. आजही म्हणेन.

बाजारातल्या स्टुडिओत दोन्ही मोठे करून घेतले. मागे तारीख टाकली, सही केली. बँकेतला माणूस, सहीशिवाय कागद हातातून सोडत नाही. आणि ज्याचा त्याला नेऊन दिला.

पौषात पंच देवळाच्या सभामंडपात बसले. त्यात मुख्य गावचे निवृत्त हेडमास्तर. सासऱ्यांनी पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी काखेतलं मोठं पाकीट उघडलं, आणि मुंबईला गेलेला फोटो तिथे हजर झाला.

हेडमास्तरांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. उलटून सह्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय हो, ही सही आपली?"

"हो."

"आणि हीसुद्धा?"

"हो."

"ह्यात कलमाच्या नि गडग्याच्या मधून बैलगाडी जाईल. ह्यात मुंगी जायची नाही. तारीख एकच. हे झाड सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे असतं काय?"

सभामंडपात हशा पिकला. मी उठून लेन्सबद्दल बोलायला लागलो. जवळ, लांब, पस्तीस, सत्तर. वहीतलं बहुतेक सगळं सांगितलं. दुसरे एक पंच मधेच म्हणाले, "म्हणजे तुम्हाला जसं पाहिजे तसं निघतं म्हणा की." मी हो म्हणालो. खरं तेच होतं. पण ते तेव्हा, सासऱ्यांच्या समोर, हो म्हणण्यासारखं नव्हतं.

हेडमास्तर सासऱ्यांकडे वळले. "आणि तुमची तक्रार काय, तर गडगा पुढे सरकला. तुमच्या फोटोत तर तो पार लांब आहे. मग तक्रार कसली?"

सासऱ्यांनी फोटो उचलून पिशवीत ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

ठरलं असं, की सरकारी मोजणी मागवायची आणि ती होईपर्यंत त्या कलमाला दोघांपैकी कुणी हात लावायचा नाही. पडलेली कैरीसुद्धा उचलायची नाही. मोजणी म्हणजे अर्ज, आणि अर्ज म्हणजे महिने. त्या वर्षी त्याच कलमाला मोहोर असा आला की पान दिसत नव्हतं.

त्या काळात आम्ही दोन-तीनदा गेलो. सासरे माझ्याशी बोलायचे ते एवढंच: "बसा," आणि "जेवून घ्या." सकाळी ते कलमाखाली जाऊन उभे राहत, हात पाठीमागे बांधून. खाली कैऱ्या पडलेल्या असत. काही सडत होत्या. ते त्यांच्यामधून पाय जपून टाकत यायचे. मी ओटीवरून पाहायचो. कॅमेरा मी तेव्हा रत्नागिरीलाच ठेवला होता, कोरड्या तांदळाच्या डब्यात, बुरशी येऊ नये म्हणून. निदान बायकोला मी कारण तेच सांगितलं होतं.

चैत्रात एकदाचा मोजणीदार आला. जुना नकाशा, साखळी, खुणा. अर्धा दिवस गेला. आम्ही सगळे उन्हात त्याच्यामागून फिरत होतो. शेवटी त्याने नव्या गडग्याच्या पलीकडे, काकांच्या बाजूला, वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढ्या अंतरावर खुंटी ठोकली. म्हणजे कलमाजवळ गडगा वावभर आत आला होता. कलम पुरतं सासऱ्यांचं.

"गड्यांनी रचला, मी काय दोरी धरून बसलो होतो?" काका म्हणाले. तेवढा भाग त्यांनी पावसाआधी उतरवून मागे घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. फोटो मात्र त्यांनी चौकटीत घालून ओटीवर लावला. तो अजून आहे.

मोजणीदार गेल्यावर सासऱ्यांनी स्वतः झेला घेतला, तो लांब काठीला जाळी लावलेला असतो तो, आणि पहिले आंबे स्वतः काढले. गडी पुढे झाला त्याला त्यांनी नको म्हटलं. दोन डझन आम्हाला पिकण्यासाठी गवताच्या अढीत घालून दिले. पेटी माझ्याच हातात दिली. बोलले मात्र मुलीशी. "जपून न्या. अढी मोडू नका," एवढंच.

परतीच्या एस.टी.त मी पेटी मांडीवर घेतली. मग म्हणालो, "चला, झालं शेवटी नीट. बाबांचं झाड बाबांना मिळालं."

"मोजणीदाराने मिळवून दिलं," बायको म्हणाली. "तुमच्यावर सोपवलं असतं, तर निम्मं झाड काकांना देऊन दोन्ही घरी जेवून आला असतात."