मागं पळणारा व्हेंडेलिन

व्हेंडेलिन हुडझिक आइस हॉकीत बचावपटू झाला तो त्याच्या उलट्या पळण्यामुळं. जानेवारी लागला की तात्रा डोंगराखालच्या त्यांच्या गावात अग्निशामक दलाचे लोक शाळेच्या मैदानावर पाणी सोडत, आणि सकाळपर्यंत त्याचा बर्फ होई. बाकीची पोरं स्केट घालून पुढं पळतानाच धडपडत. हा दहा वर्षांचा व्हेंडो मात्र पुढं पळण्यापेक्षा पाठमोरा जास्त वेगात जाई. शेजारच्या शहरातल्या क्लबचे म्हातारे प्रशिक्षक एकदा ते बघून गेले आणि त्याच्या बापाला म्हणाले, "याला गोल मारायला शिकवू नका. हा मागं जाऊनच पुढं येईल."

हे कौतुक की टोमणा, ते लाकडाच्या गिरणीत काम करणाऱ्या बापाला कळलं नाही. पण त्यानं पोराला क्लबात घातलं.

एकोणिसाव्या वर्षी व्हेंडेलिन वरच्या लीगमध्ये आला. पुढची अठरा वर्षं त्यानं एकच काम केलं. समोरून येणाऱ्या गड्याकडं तोंड ठेवून मागं सरकत राहायचं, त्याला हळूहळू मैदानाभोवतीच्या कठड्याकडं रेटायचं, आणि तरीही त्यानं रबरी चकती मारलीच तर ती गोलात जायच्या आत आपल्या अंगावर घ्यायची. अठरा वर्षांत स्वतःचे गोल एकतीस, गेलेले दात सात. डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत ती नाहीतच.

क्लब अकरा, देश चार. असल्या बचावपटूला करार मिळे तो एका वर्षाचा. एप्रिलमध्ये कुणी "पुढच्या हंगामाचं बघू" असं म्हणालं, की त्याची बायको झ्लातित्सा पलंगाखालची खोकी बाहेर काढी. ती दातांच्या डॉक्टरकडं मदतनीस होती, त्यामुळं जिथं जाई तिथं तिला काम मिळे. "तसं घरचं गिऱ्हाईकच मला पुरेसं आहे," असं ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणायची.

त्यांची मुलगी तिमेआ बारा वर्षांची झाली तोवर तिच्या चार शाळा झाल्या होत्या. पोलंडातल्या शाळेतून एक दिवस ती घरी आली, दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता मी कुठंही नवी मुलगी होणार नाही." रडली नाही, ओरडली नाही, म्हणून दोघंही घाबरले. त्या उन्हाळ्यात मायलेकी झ्लातित्साच्या माहेरच्या गावी राहायला आल्या. व्हेंडेलिन आणखी दोन हंगाम एकटाच पोलंडात खेळला. मग सदतिसाव्या वर्षी क्लबच्या व्यवस्थापकानं त्याला चौकटीत बसवलेला त्याचाच शर्ट दिला, हात हातात घेतला आणि सांगितलं, "आता तरुण पोरं घ्यायचीत."

उन्हाळा बरा गेला. उन्हाळ्यात तो नेहमीच घरी असे. खरी गंमत ऑगस्टमध्ये सुरू झाली. त्या महिन्यात संघ बर्फावर उतरतात, आणि ते व्हेंडेलिनच्या पायांना कॅलेंडर न बघता कळे. त्यानं आठवड्यात तीनदा गवत कापलं. धडधाकट कुंपण उपसून पुन्हा रोवलं. मेव्हणा कोर्नेल खिडक्या बसवायची कामं घेई, त्यानं याला हाताखाली घेतलं आणि चारच दिवसांत डोक्याला हात लावला.

"दाजी, खिडकी आहे ती. तिला भिंतीवर चेपायचं नसतं."

मंगळवार, शुक्रवार, रविवार हे सामन्यांचे दिवस. त्या दिवशी जेवण झालं की त्याला दोन तास झोप येई आणि पाचच्या ठोक्याला जाग. मग जायला कुठंच नसे. रविवारी सासुरवाडीला सगळे जेवायला बसले होते, मेंढीच्या चीजमध्ये कालवलेले गरम हालुश्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, ताटात होते, आणि हा ताट घेऊनच उभा राहिला.

"कुठं निघालास?" झ्लातित्सानं विचारलं.

"कुठं नाही."

"मग बस की."

तो बसला. दोन मिनिटांनी बघतात तर खुर्ची रिकामी, आणि बाहेर लाकडं फोडल्याचा आवाज.

ऑक्टोबरमध्ये रुमानियातल्या एका क्लबचा फोन आला. त्यांचे दोन बचावपटू जायबंदी झाले होते, नाताळापर्यंत माणूस हवा होता. व्हेंडेलिन तेव्हा शिडीवर होता. शिडीवरूनच हो म्हणाला. घरी सांगितलं ते संध्याकाळी, बॅग भरताना.

झ्लातित्सा दारात उभी राहून बघत होती. "सदतीस वर्षांचा आहेस."

"दोनेक महिने तर जायचंय."

"तुझ्या जाण्याचं मला काही नाही. सोळा वर्षं तुला धाडतेच आहे. पण आधी हो म्हणालास आणि मग मला सांगितलंस. मी काय तुझा क्लब आहे, मला नुसती तारीख कळवायला?"

त्यानं बॅगेची चेन ओढून घेतली. तो गेला.

तिसऱ्या सामन्यात एक कोवळा गडी त्याच्यावर चालून आला. व्हेंडेलिन नेहमीसारखा मागं सरकू लागला, आणि तो पोरगा त्याच्या बाजूनं असा निघून गेला, जसं वाटेत कुणी नव्हतंच. गोल झाला. पुढच्या खेपेला तेच. प्रशिक्षकानं त्याला बाकावर बसवलं, रागावलाही नाही. न रागावणंच व्हेंडेलिनला जास्त लागलं. आणखी एक आठवडा तो बाकावर बसला आणि मग स्वतःहून परतीच्या गाडीत चढला.

घरी पोचला तेव्हा जेवायची वेळ झाली होती. झ्लातित्सानं आंबट कोबीचं सूप वाढलं.

"तू म्हणालीस ते बरोबर होतं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"विचारायला हवं होतं."

"हं," ती म्हणाली, आणि पाव पुढं केला.

पंचांचं खूळ तिमेआनं काढलं. तो टीव्हीवर सामना बघताना उठबस करत होता, तिला अभ्यास सुचेना. "बाबा, तू लाइन्समन का होत नाहीस? त्यांना उलटंच पळावं लागतं. आणि शिव्या खायची तुला सवय आहेच."

झ्लातित्सा हसली. व्हेंडेलिन हसला नाही. या वेळी त्यानं आधी तिला विचारलं, "करू?"

"रात्री घरी येणार असशील तर कर."

दोन दिवसांचा वर्ग होता. विशीतल्या पोरांत तो एकटा टक्कल पडलेला. स्केटिंगमध्ये पैकीच्या पैकी, लेखी परीक्षेत नापास. "अठरा वर्षं ऑफसाइडवरून पंचांशी भांडलो," तो घरी येऊन म्हणाला, "नियम आज पहिल्यांदा वाचला." महिनाभर तिमेआ त्याला प्रश्न विचारत राहिली. तो येरझारा घालत उत्तरं देई. दुसऱ्यांदा पास झाला.

पहिलाच मोठा सामना फेब्रुवारीत होता. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, आत ना छातीला कवच ना पोटऱ्यांना. पहिला भाग नीट पार पडला. दुसऱ्या भागात पाहुण्या संघाच्या गड्यानं कठड्याजवळून, अगदी याच्या समोरून, नेम धरला. काठी वर गेली, आणि व्हेंडेलिनचं शरीर त्याला न विचारता खाली गेलं. एक गुडघा बर्फावर, छाती पुढं. चकती बरगडीवर बसली.

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग सगळं प्रेक्षागार हसत सुटलं. ज्यांच्यावरचा गोल टळला त्यांच्या गोलरक्षकानं शाबासकी म्हणून काठी बर्फावर आपटली. पाहुण्यांच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पंचसाहेब, त्यांचा निळा शर्टही घाला की आता!"

मुख्य पंच त्याच्यापाशी आला. "उठता येतंय?"

"येतंय."

"मग सांगा, कुणाच्या बाजूनं खेळताय?"

"मला कळलंच नाही हो," व्हेंडेलिन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. उरलेला सामना त्यानं तसाच संपवला. बरगडी मोडलीय, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

पंच मंडळानं त्याला दोन महिने शाळकरी मुलांच्या सामन्यांवर धाडलं. तिथं तो चकती आली की बाजूला व्हायचं शिकला. कठड्याला हात टेकून वर उडी घ्यायची आणि तिला खालून जाऊ द्यायची. हे त्याला फार जड गेलं. तिमेआला तो म्हणाला, "जाऊ देताना दर वेळी वाटतं, गोल माझ्यामुळंच होणार."

पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा मोठे सामने मिळाले. आठवड्यातले तीन दिवस तो शंभर-दीडशे किलोमीटर गाडी हाणतो, तीन तास पळतो, शिव्या खातो आणि घरी येऊन झोपतो. सामना नसलेला सोमवार मात्र अजूनही वाईट जातो. सोमवारी जेवण झालं की तो स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत येतो. कधी झ्लातित्साही निघते. वाटेतल्या पुलापाशी ती म्हणते, "जरा हळू." तो हळू होतो, दहा पावलं तिच्या बरोबरीनं चालतो, मग विसरून पुन्हा पुढं निघतो. ती आताशा हाक मारत नाही. आपल्या चालीनं मागून येत राहते.